मुलांच्या खोलीचं फर्निचर: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून सारखे येणारे प्रश्न

आमच्या वखारीच्या गल्ल्यावर आणि फोनवर वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एप्रिल-मेमध्ये त्यांना ऊत येतो, कारण आपल्याकडच्या शाळा महाराष्ट्राच्या आधी, जूनच्या तोंडावरच सुरू होतात आणि तोवर सगळ्यांनाच खोली तयार हवी असते. मी लाकूड विकतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार ते धरूनच वाचा. जिथे लोखंड बरं, तिथे तसं लिहिलं आहे.

१. मुलाच्या खोलीत नेमकं काय काय लागतं?

झोपायला कॉट, कपड्यांना जागा आणि शाळा सुरू झाल्यावर लिहायला जागा. एवढंच. बाकी सगळं नंतर घेता येतं, आणि बऱ्याचदा घ्यावंही लागत नाही. मोटारीच्या आकाराचा पलंग, परीच्या चित्राचं कपाट अशा वस्तूंचा पैसा आकाराला आणि रंगाला जातो, सांध्याला जात नाही. पाच वर्षांचा मुलगा त्या मोटारीवर खूश असतो, नऊ वर्षांचा झाला की मित्रांना खोलीत आणायला लाजतो. हौस असेल तर चादर, पडदे, भिंतीचा रंग यांवर भागवा. ते बदलता येतात.

२. मुलगी चार वर्षांची आहे. पाच फुटी लहान कॉट स्वस्त मिळतेय, घेऊ काय ओ?

नको. पुरत्या लांबीचीच घ्या. तयार गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या आणि ३६ इंच रुंदीच्या सहज मिळतात. पाच फुटी कॉटला गादी मुद्दाम शिवून घ्यावी लागते आणि सातवी-आठवीत पोरीचे पाय बाहेर येतात. माझ्या मते ७५ बाय ३६ हे माप बरं. त्यावर कॉलेजपर्यंत निभतं.

माप सांगताना कॉटच्या आतलं माप सांगा. मेस्त्रीला नुसतं 'सहा बाय तीन' सांगितलं की तो कधी बाहेरून धरतो, कधी आतून. मग ७२ इंची गादी ७० इंचांत कोंबावी लागते. आधी गादी ठरवा, मग तिच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच मोकळी चौकट करून घ्या. गादी कोणती, ते प्रश्न १४ मध्ये.

लहान मूल पडेल ही भीती रास्त आहे, पण त्यावर उपाय कमी उंचीची कॉट हा आहे, आखूड कॉट नव्हे. पहिली काही वर्षं पाय तात्पुरते आखूड ठेवायचे आणि नंतर खाली ठोकळे जोडून घ्यायचे, हे कुठलाही मेस्त्री करून देतो.

३. सागवानच पाहिजे का? दुसरं कुठलं लाकूड चालेल?

सागवान उत्तम, यात वाद नाही. दांडेली-हल्याळचा साग आपल्या दाराशी आहे. पण 'सागवान' म्हणून विकलं जाणारं सगळं सारखं नसतं. झाडाचा आतला गडद गाभा टिकतो. बाहेरचा फिकट, पांढुरका भाग सागाचा असला तरी त्याला भुंगा लागतो. पॉलिश मारल्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, आणि मेख तिथेच आहे. म्हणून पॉलिशच्या आधी कॉट बघायला जायचंच. फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसला तर ती फळी बदलून मागा. मेस्त्री कुरकुरेल, कुरकुरू द्या.

सागापेक्षा स्वस्त लाकडांत माझी पहिली पसंती फणसाला. पिवळं लाकूड काही वर्षांत तांबूस-तपकिरी होतं, कामाला सोपं आणि टिकाऊ. जांभूळ दमटपणाला चांगलं टिकतं. मत्ती, म्हणजे ऐन, जड आणि चिवट आहे. कॉटच्या पायांना, पट्ट्यांना झकास, पण नीट वाळलेलं नसेल तर तडकतं, आणि आधी भोक पाडल्याशिवाय खिळा घेत नाही. होन्ने, आपला बिबळा, देखणा आणि मजबूत, मात्र ओल लागली की पिवळा रंग सोडतो. चादरीवर उतरू नये म्हणून त्याला पॉलिश सगळीकडून, खालच्या बाजूनेही, लागतं. अकेशिया अलीकडे खूप येतो. वाळलेला असेल तर वाईट नाही. आंबा स्वस्त आहे, पण त्याला भुंगा फार लवकर लागतो, औषध मारल्याशिवाय तो झोपायच्या खोलीत नको. निलगिरी पिळते. ती मांडवालाच ठीक.

४. मेस्त्री म्हणतो चार घनफूट लाकूड लागेल. खरंच लागतं का?

हिशेब स्वतः करा, अवघड नाही. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्ही गुणा आणि १४४ ने भागा. ६ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट.

साधी एकेरी कॉट धरू. लांब बाजूच्या दोन पट्ट्या सव्वासहा फूट बाय ५ इंच बाय दीड इंच, दोन्ही मिळून ०.६५. आडव्या दोन, ३ फुटी, त्याच मापाच्या, ०.३१. चार पाय, ३ बाय ३ इंच, सरासरी २ फूट उंच, मिळून ०.५. डोक्याकडची फळी अर्धा घनफूट. झाले साधारण दोन. वर प्लायवूड टाकणार असाल तर करवतीत आणि रंध्यात जाणारं धरून अडीच घनफुटांत कॉट बसते. खाली प्लायऐवजी लाकडी पट्ट्या, डोक्याकडे नक्षी, खाली खण असं काही असेल तरच चार. हा हिशेब कागदावर मांडून मेस्त्रीसमोर ठेवा; बोलणं एकदम सरळ होतं.

५. प्लायवूडवर सगळीकडे शिक्का असतोच. मग ओळखायचं कसं?

शिक्क्यात आकडा बघा. आयएस ३०३ म्हणजे साधं प्लायवूड. त्यातलं एमआर ओलसर हवा सोसतं, पाणी सोसत नाही. आयएस ७१० म्हणजे पाण्यातही टिकणारं, महाग. बेळगाव शहरात वरच्या मजल्यावर एमआर चालून जातं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे, किंवा तळमजल्याच्या ओल येणाऱ्या भिंतीजवळ निदान कपाटाचा तळ आणि मागची बाजू वरच्या प्रतीची घ्या. सगळं कपाट ७१० चं करायची गरज नाही.

आयएसआय खुणेसोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनीचं नाव दिसतं. नाव जुळलं नाही तर पुढच्या दुकानात जा. शीट आडवी ठेवून कडेने बघा, थरांमध्ये पोकळ्या दिसतात का. टिचकी मारत जा. मध्येच पोकळ आवाज आला तर आत पोकळी आहे. '१९ एमएम' सांगून १६ ची शीट देणारे भेटतात, म्हणून मापपट्टी खिशात असू द्या.

६. ऑनलाइन सुट्या भागांचं कपाट निम्म्या किमतीत येतं. का घेऊ नये?

घेऊ नये असं नाही, कुठे ठेवणार ते सांगा. ही कपाटं बहुधा पार्टिकल बोर्डाची, म्हणजे भुशाच्या दाबलेल्या फळीची असतात. वरचा थर छान असतो, पण कडेतून पाणी शिरलं की फळी फुगते आणि परत बसत नाही. अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत तेच कपाट बरीच वर्षं काढतं. खानापूर भागात चार महिन्यांच्या पावसात आणि रोज ओल्या फडक्याने फरशी पुसताना पहिला तळ जातो. दुसरं दुखणं स्क्रूचं. एकदा काढून पुन्हा लावला की तो पहिल्यासारखा धरत नाही. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणाऱ्यांना वाटतं तितकं हे सोयीचं पडत नाही.

घ्यायचंच असेल तर खाली दोन इंची प्लास्टिकचे पाय लावा, उघड्या कडांना पट्टी चिकटवून घ्या, जोडताना लाकडी खुंट्यांना गोंद लावा आणि भरलेलं कपाट कधीही ओढू नका. कॉटसाठी मात्र ही फळी घेऊच नका. मुलं कॉटवर झोपतात कमी आणि उड्या जास्त मारतात.

७. लोखंडी कॉट घेतली तर?

स्वस्त, टिकाऊ आणि भुंग्या-वाळवीची चिंता नाही. पैसा मोजका असेल तर मी स्वतः ग्राहकाला लोखंडाकडे पाठवतो. उद्यमबागेच्या आसपास फॅब्रिकेशनवाले आहेत, मापाप्रमाणे करून देतात.

फसगत पाइपच्या जाडीत होते. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितका पत्रा पातळ. एक इंची चौकोनी पाइपची २० फुटी लांबी १६ गेजची असेल तर साधारण ७ किलो भरते, २० गेजची जेमतेम ४ किलो. रंग दिल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून नगावर न ठरवता वजनावर ठरवा आणि तयार कॉट काट्यावर चढवून घ्या. चौकटीला १६ गेज, आडव्या पट्ट्यांना १८ चालतो. वेल्डिंग चारी बाजूंनी हवं, नुसते टिपके नकोत. पाइपची उघडी तोंडं बंद करून घ्या, नाहीतर आतून गंज धरतो आणि बाहेरून मुलांची बोटं अडकतात. प्रायमर मारला का, हे रंगाआधी जाऊन बघा. हल्ली पावडर कोटिंगही होतं, ते ऑइल पेंटपेक्षा जास्त टिकतं.

८. दोन मुलं, एक खोली. डबलडेकर कॉट करावी का?

आधी छताकडे बघा. आपल्याकडे या कॉटचा सगळ्यात मोठा धोका पंख्याचा आहे आणि परदेशी चित्रं बघून करणाऱ्यांच्या तो ध्यानातच येत नाही. १० बाय १० च्या खोलीत पंखा मधोमध असतो. मधून भिंत ५ फुटांवर. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून २ फूट फिरतात. उरले ३ फूट, आणि कॉटच ३ फूट रुंद! म्हणजे वरच्या मुलाने झोपेत हात बाहेर काढला किंवा उभं राहून उशी फेकली तर हात थेट पात्यात. अशा खोलीत छताचा पंखा काढून भिंतीचा लावा, नाहीतर डबलडेकरचा विचार सोडा.

छत उंच आहे आणि पंखा लांब आहे असं धरलं तरी सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नका. वरच्या कॉटला चारी बाजूंनी कठडा हवा, भिंतीकडूनही, फक्त शिडीपुरती जागा मोकळी. कठडा गादीच्या वर निदान ५ इंच यायला हवा. इथे चूक होते ती अशी: कठडा कॉटच्या फळीपासून मोजतात आणि वर ६ इंची गादी टाकतात, मग उरतं काय? वर ४ इंची गादी पुरे. कठड्याच्या दोन गजांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा कमी, म्हणजे डोकं किंवा धड अडकणार नाही. शिडीच्या पायऱ्या गोल पाइपच्या नकोत, चपट्या हव्यात.

कौलारू घरात उतरत्या छपराखाली डबलडेकर बसतच नाही. तिथे आणि लहान मुलांसाठी खालून ओढून काढायची दुसरी कॉट बरी. दिवसा आत ढकलली की खेळायला जागा मोकळी.

९. कपाट भिंतीला पक्कं करा म्हणतात, पण आमची भिंत चिऱ्याची आहे. काही घरात मातीची.

करायलाच हवं. मूल खणांच्या पायऱ्या करून वर चढतं, दोन-तीन खण एकदम उघडे असले की कपाटाचा तोल जातो. जड कपाटाखाली सापडलेल्या मुलाला स्वतः बाहेर पडता येत नाही.

जांभ्या दगडाच्या भिंतीत छोटा प्लास्टिकचा गट्टू सैल होतो, कारण चिरा सच्छिद्र असतो. लांब, चार इंची अँकर घ्या आणि भोक सांध्यातल्या गिलाव्यात न पाडता चिऱ्याच्या मधोमध पाडा. ड्रिल हातोडीच्या ठोक्यावर न चालवता नुसतं फिरवत न्या, म्हणजे कडा फुटत नाहीत. मातीच्या भिंतीत काहीच धरत नाही. तिथे कपाट लाकडी खांबाला किंवा तुळईला पट्टीने बांधा. तेही जमत नसेल तर चार फुटांच्या आतलं बुटकं कपाट घ्या, जड वस्तू खालच्या खणात ठेवा आणि टीव्ही त्यावर ठेवू नका.

१०. पावसाळ्यात करून घेतलं तर दर कमी पडतो. घेऊ का?

लोखंडी असेल तर खुशाल. लाकडी असेल तर थांबा. पावसात लाकूड ओल खेचून फुगलेलं असतं, दार तेव्हा अगदी घट्ट बसतं, आणि मार्च आला की त्याच दारातून बोट जातं. शिवाय दमट हवेत पॉलिश पांढुरकं पडतं. मेस्त्री पावसाळ्यात खरंच मोकळे असतात, दरही जरा उतरतात. त्याचा फायदा असा घ्या: ऑगस्टमध्ये बोलणी करून लाकूड आणून ठेवा, घरातच आडव्या पट्ट्यांवर, हवा खेळेल असं रचा आणि काम दिवाळीनंतर सुरू करा.

११. कॉटखाली पिवळं पीठ पडतंय. वाळवी का?

वाळवी मातीच्या नळ्या करत येते, पीठ पाडत नाही. पीठ म्हणजे भुंगा. तो लाकडाचा पांढरा भागच खातो (प्रश्न ३), म्हणून आधी किती फळ्यांना लागलाय ते बघा. एखाद-दुसरी असेल तर तेवढी काढून बदला. औषधापेक्षा स्वस्त आणि खात्रीचं. जास्त पसरला असेल तर कॉट खोलीबाहेर काढून कीडनाशक करणाऱ्याकडून भोकात औषध भरून घ्या आणि वास पूर्ण गेल्याशिवाय मुलाला त्यावर झोपवू नका. रॉकेल ओतून भुंगा मरतो हा गैरसमज आहे, वास मात्र महिनाभर राहतो.

१२. कोल्हापूरहून आणलं तर स्वस्त पडतं का? कोगनोळीच्या सीमा नाक्यावर अडवतात का?

कर दोन्हीकडे तोच. लाकडी आणि लोखंडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी, राज्य कुठलंही असो. फरक पडलाच तर दुकानदाराच्या दरात पडतो, आणि तो टेम्पोच्या भाड्यात बहुतेक वेळा संपतो. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, त्यांना कदाचित परवडेल. खानापूरकरांनी एवढ्यासाठी जाऊ नये. पूर्ण वेताच्या किंवा बांबूच्या फर्निचरवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच कर आहे, हे लक्षात असू द्या.

माल ५० हजारांच्या वर असेल तर सीमा ओलांडताना ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतो, तो दुकानदाराकडूनच काढून घ्या. तुमचं स्वतःचं वापरलेलं घरगुती सामान पुण्याहून इकडे आणत असाल तर ई-वे बिलाची गरज नाही. कापीव लाकूड किंवा ओंडके आणणं ही वेगळी गोष्ट. त्याला वनखात्याचे नियम लागतात. वखारीची पावती आणि पास गाडीत नसेल तर आणूच नका.

१३. आमच्या शेतातलाच साग आहे. तोडून मुलाची कॉट केली तर फुकटच ना?

झाड तुमचं असलं तरी सागाला परवानगी लागते. कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याकडे अर्ज करा, आणि परवानगी हातात आल्यावरच कुऱ्हाड लावा. मग कापणावळ, वाहतूक, मजुरी धरा. फुकट नाही, पण लाकूड कुठलं ते तुम्हाला ठाऊक असतं, हा मोठा फायदा. ताजं तोडलेलं मात्र लगेच वापरू नका. फळ्या पाडून सावलीत निदान एक उन्हाळा वाळू द्या. आणि तरणं झाड असेल तर त्यात गाभा कमी, पांढरा भाग जास्त निघतो. अशा झाडाला हात न लावलेला बरा.

१४. गादी कापसाची की फोमची?

पाठीला दोन्ही चालतात, फक्त मऊ-मऊ खोल जाणारी नको. कापसाची गादी पिंजून पुन्हा नवी करता येते, पण तिला ऊन लागतं. जून ते सप्टेंबर ऊन कुठून आणणार? पावसाळी भागात काथ्याची किंवा घट्ट फोमची गादी बरी. अंथरूण ओलं करणाऱ्या मुलासाठी वर धुता येणारं रबरी कापड हवंच.

१५. अभ्यासाचं टेबल मुलाच्या मापाचं लहान घ्यावं का?

कॉटसारखंच, मोठं घ्या: ३० इंची. मुलाला उंच पडतं म्हणून खुर्चीवर उशी ठेवा आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली जेवायचा पाट ठेवा. कोपर टेबलाच्या पातळीवर आलं आणि तळवे टेकले की झालं. पहिलीपर्यंत टेबलच नको.

१६. जुनं फर्निचर घेणं बरं दिसतं का?

दिसायचं काय त्यात? कॅम्पातली, सांबऱ्याची बदलीवर जाणारी कुटुंबं चांगल्या वस्तू भराभर काढतात, आणि जुन्या बाजारात अस्सल सागाचे पलंग मिळतात, जे आज नव्याने करायला परवडणार नाहीत. पलंग उलटा करून सांधे बघा. कुसू-खाचेचा जोड, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, असेल तर सैल झालेलाही दुरुस्त होतो. खिळ्यांवर तोललेला असेल तर सोडून द्या. फटींमध्ये काळे ठिपके म्हणजे ढेकूण. अशी वस्तू फुकटही नको.

रंगवलेली जुनी वस्तू असेल तर एक सावधगिरी. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि लहान मुलं कठडे चावतात. असा रंग घरात कोरडा घासू नका, धूळच जास्त घातक. बाहेर ओला करून, पोरं लांब ठेवून काढा, किंवा पॉलिशची वस्तूच निवडा.

१७. महिन्याभरात कपाटाचं दार लोंबलं. बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलंय. गप्प बसायचं?

सदोष मालाला ते छापील वाक्य लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं हा अनुचित व्यवहार ठरतो. आधी दुकानदाराला फोटोसकट लेखी कळवा. नंतर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. कोल्हापुरात किंवा ऑनलाइन घेतलं असेल तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच करता येते.

१८. आणि मेस्त्रीने बिघडवलं तर? त्याचं तर बिलच नसतं.

मजुरी घेऊन केलेलं काम ही सेवाच आहे, तीही त्याच कायद्यात येते. पण पुरावा तुमच्याकडे हवा. काम सुरू करण्याआधी एका कागदावर माप, लाकडाचं नाव, प्लायचा आयएस क्रमांक, एकूण रक्कम आणि तारीख लिहून दोघांनी सह्या करा. मेस्त्री ओळखीतला, मामा-काका म्हणण्यातला असेल तर हे लिहून घेणं अवघड वाटतं, म्हणून व्हॉट्सॲपवर मापं पाठवून 'बरोबर का मामा?' एवढं विचारा. 'होय' आलं की काम झालं. पैसे यूपीआयने तीन हप्त्यांत द्या: लाकडापुरते आधी, चौकट उभी राहिल्यावर दुसरा, आणि तिसरा पॉलिश वाळून दारं-खण दोन आठवडे वापरून झाल्यावर.